फक्त हिच्यासाठी

संस्थेच्या गच्चीवर मी जवळा वाळवायला सुरुवात केली, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या लोकांनी आधी पाण्याची टाकी तपासली, मग कुठे उंदीर मेलाय का ते पाहिलं आणि शेवटी माझ्याकडे पाहिलं. पनवेलमध्ये राहून सुक्या मासळीच्या वासाला नाक मुरडणाऱ्यांचा मला फार राग येतो. बाजारात याच मंडळींना सोड्यांचा भाव तोंडपाठ असतो. पण संशोधन म्हटलं की ते बिनवासाचं असावं, अशी सगळ्यांची समजूत असते. मी कुणाची समजूत काढत बसले नाही.

मी आहारशास्त्रातली. संस्थेच्या ऊर्जा विभागाने उन्हावर चालणारी एक वाळवणपेटी बनवली होती आणि तिच्यात काय वाळवायचं हे ठरवण्याचं काम माझ्याकडे आलं होतं. पेटी दिसायला साधी. लाकडी चौकट, वर काच, आत काळा पत्रा आणि सोलर पॅनेलवर फिरणारा एवढासा पंखा. तिची खुबी आत होती. गरम हवा आधी पाल्यावरून जायची आणि मग जवळ्यावरून, त्यामुळे एकाच पेटीत शेवग्याचा पाला हिरवागार वाळायचा आणि त्याला मासळीचा वास लागायचा नाही. वाळूवर पसरून वाळवलेल्या जवळ्यात दाताखाली जी कचकच येते, तीही यायची नाही. दोन्ही दळून नाचणीच्या सत्त्वात मिसळलं की करडं-हिरवं, दिसायला अगदी गबाळं असं पीठ तयार व्हायचं. माझ्या घरच्यांनी ते एकदा चाखलं आणि पुन्हा कधी त्याचा विषय काढला नाही. वाडीवरची पोरं मात्र गरम पाण्यात शिजवलेली त्याची पेज वाटी चाटून लख्ख करायची.

वाडी नेऱ्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी. वाडीच्या चहूबाजूंनी फार्महाऊसं. वाडीतल्या कुणाच्याही नावावर वीतभर जमीन नाही, पण त्यातल्या निम्म्या माणसांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या हिरवळीला पाणी घातलेलं. शनिवार-रविवारी त्या हिरवळींवर शेगड्या पेटतात, कोंबडीच्या खरपूस वासाने सगळा परिसर भरून जातो, आणि कुंपणाच्या अलीकडे माझी पोरं काट्याच्या झोळीत बसून वजन करून घेतात. हे मी शांतपणे सांगू शकत नाही, तेव्हा जास्त सांगत नाही.

त्या पोरांमधली एक मुलगी होती, चालायच्या वयात बसून राहणारी. झोळीत ठेवली की इतर पोरं भोकाड पसरायची. ही रडायचीही नाही. दोन्ही हातांनी दोरी धरून माझ्याकडे बघत राहायची. रडायलाही अंगात काही लागतं, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. तिच्या आधीचा तिचा भाऊ वीटभट्टीवर गेला होता तो परत आला नव्हता. तिची आई हे सांगताना कधी रडली नाही. फक्त मी मुलीला झोळीतून काढून तिच्या हातात दिलं की ती मुलीला घट्ट धरायची आणि काटा काय म्हणतो ते माझ्या तोंडावरून ओळखायचा प्रयत्न करायची.

त्याच घरात तिची जाऊ होती. दोघींची चूल एक, थाळी एक. जावेलाही एक मुलगी, थोडी मोठी, गुटगुटीत, गालावर खळी. ती मला लांबून बघितलं की धावत यायची आणि माझ्या पिशवीत सरळ हात घालायची. वजनाच्या तक्त्यावर तिचा ठिपका रेषेच्या वर होता, म्हणून कमी वजनाच्या पोरांवरच्या आमच्या चाचणीत ती नव्हती. पण पेज संपल्यावर पातेल्याच्या तळाला राहिलेलं मी तिच्या बोटाला लावायची आणि ती ते बोट चोखत अंगणवाडीच्या पायरीवर बसून राहायची. मी तिला म्हणायची, तुझा फोटो पाकिटावर छापू या, म्हणजे आमचा माल खपेल. तिला काय कळायचं ते देव जाणे, पण ती हसायची.

पेज आम्ही अंगणवाडीत, आमच्या डोळ्यांसमोर भरवायचो. घरी दिलं की ते एकाच्या पोटात जात नाही, हा माझा आधीचा अनुभव. त्या घरांत एका पोराला वेगळं काढून खायला घालणं ही लाजेची गोष्ट. एकाला दिलं तर सगळ्यांना, शेजारच्यालाही, आणि दाराशी बसलेल्या म्हातारीलाही. माणूस म्हणून मला त्याचं कौतुक होतं. आहारशास्त्रातली बाई म्हणून मी कपाळाला हात लावायची, कारण जे एकाला उभं करील ते सगळ्यांत वाटलं तर कुणालाच पुरत नाही.

पावसाळाभर ती मुलगी आमची पेज खात होती. काटा आधी जागचा हलेना. मग हळूहळू हलला. भाद्रपदाच्या सुमारास ती अंगणवाडीच्या खांबाला धरून उभी राहिली आणि स्वतःच घाबरून खाली बसली. तिची आई तोंडावर पदर घेऊन हसली. परत येताना गाढी नदीच्या पुलावर मी गाडी बाजूला घेऊन एकटीच रडले. इतकी वर्षं नोकरी केली, तिच्यातलं हे एवढं एक काम कामाला आलं असं वाटलं.

आणि नेमकं तेव्हाच पेटंटचं सुरू झालं.

आमच्या संस्थेत बौद्धिक संपदेचा एक कक्ष आहे. कक्ष म्हणजे एक खोली, एक कपाट आणि एक साहेब. साहेब खारघरच्या एका टॉवरमध्ये राहायचे, इतके शाकाहारी की कांदाही बेतानेच खायचे. माझ्या पिठाची फाइल उघडताना रुमाल नाकाला लावायचे. मी म्हणायची, साहेब, जवळ्याच्या वासाला पेटंट मिळतं का बघा, मग लोक हुंगायचेही पैसे देतील. ते हसायचे, पण रुमाल काढायचे नाहीत. माणूस वाईट नव्हता. उलट फार सरळ होता, आणि सरळ माणसाशी भांडणं सगळ्यात कठीण.

त्यांची भीतीही खोटी नव्हती. काही वर्षांपूर्वी आमच्याच माणसांनी एक सौरचूल बनवली होती. मोठ्या मनाने ती प्रदर्शनात मांडली, येईल त्याला नकाशे दिले. तळोज्याकडच्या एका शेडमध्ये कुणीतरी ती हुबेहूब बनवली, आपल्या नावावर नोंदवली आणि वर आम्हालाच नोटीस पाठवली की तुम्ही ही चूल बनवू नका. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. साहेब तर पाणीही फुंकून प्यायला लागले होते.

त्यांनी मला समजावून सांगितलं ते असं. अर्ज दाखल व्हायच्या आधी वस्तू चारचौघांत गेली, तर कायद्याच्या लेखी ती नवी राहत नाही. नवी नाही तर पेटंट नाही. पेटंट नाही तर उद्या कुणीही येऊन ती आपली म्हणेल, आणि तुमची ही पोरं त्याच्या दुकानातून पीठ विकत घेतील. "मॅडम," ते म्हणाले, "वाटी आपल्या डोळ्यांसमोर रिकामी होते, तोवर ती चाचणी. पीठ पिशवीत भरून बाहेर गेलं की तो वापर. अर्ज होईपर्यंत एक चिमूटही बाहेर जाता कामा नये."

"अर्ज कधी होईल?"

"होईल हो. झालाच म्हणून समजा."

तो होत नव्हता, कारण काम दोन संस्थांचं मिळून होतं. पेटी आमची, यंत्रसामग्रीचा खर्च दुसऱ्यांचा, आणि हक्क कुणाचा किती यावर घोडं पेंड खात होतं. मसुदा इकडून तिकडे जायचा, तिकडून इकडे यायचा. प्रत्येक वेळी त्यात एक स्वल्पविराम वाढलेला असायचा.

दसरा झाला की वाडीवर भट्टीची बोलणी सुरू होतात. दिवाळी उलटली की ट्रक येतो आणि घरंच्या घरं त्यात चढतात. भांडी, कोंबड्या, पोरं, सगळं. मग पावसाच्या तोंडाशी परत. भट्टीवर ना अंगणवाडी, ना काटा, ना मी. आई दिवसभर मातीत, आणि पोरं विटांच्या थप्प्यांच्या सावलीला. त्या मुलीचा भाऊ असाच गेला होता. ही नुकती खांबाला धरून उभी राहायला लागली होती. पीठ न घेता ती त्या ट्रकमध्ये चढली, तर मला परत दिसणार नाही, हे मला माझ्या नावाइतकं स्पष्ट कळत होतं.

त्या ऑक्टोबरातलं ऊन मला अजून आठवतं. सगळं पनवेल त्या उकाड्याला शिव्या घालत होतं. विमानतळाच्या बाजूने धूळ यायची, तळोज्याच्या कारखान्यांकडून आंबूस वास यायचा, माणसं घामाने निथळत रिक्षाच्या रांगेत उभी. आणि मी एकटीच अशी बाई, जी मावळतीला गच्चीवर उभं राहून म्हणत होती, अजून एक दिवस राहा रे बाबा. पेटी भरभरून चालत होती. पिठाचे डबे तयार होत होते. आणि ते डबे साहेबांच्या कपाटात कुलपात जात होते.

मी साहेबांकडे गेले, भांडले. संचालकांच्या दाराबाहेर बाकावर बसून राहिले, त्यांनी चहा पाठवला आणि ते मागच्या जिन्याने गेले. दुसऱ्या संस्थेतल्या बाईंना फोन केला, त्या म्हणाल्या, मुलांच्या बाबतीत आम्ही अत्यंत संवेदनशील आहोत, मसुदा परत पाठवलाय. मी एकदा एक डबा माझ्या पर्समध्ये मावतो का तेही पाहून ठेवलं. मावत होता. घरी जेवायला बसलं की ताटातला भात मला उचलेना. कुणी विचारलं की काय झालं, तर सांगता यायचं नाही. माझ्या नात्याची ना गोत्याची एक मुलगी ट्रकमध्ये चढणार आहे, असं सांगितलं तर कुणाला काय कळणार? रात्री डोळा लागला की झोळीची दोरी धरलेले तिचे हात दिसायचे.

शेवटी मी साहेबांच्या टेबलासमोर उभी राहून म्हणाले, "तुम्ही कायदा वाचलाय ना एवढा? मग त्यातच कुठेतरी तिला जगू द्यायची वाट असेल. ती शोधा. नाहीतर मी चोरी करते आणि तुम्ही माझ्यावर खटला घाला."

त्यांनी माझी फाइल पुढे ओढली. रुमालही नाकाला लावला नाही.

आणि त्यांनी खरंच वाट शोधली. एका सकाळी ते माझ्या खोलीत आले, चेहरा उजळलेला. म्हणाले, पदार्थ बाहेर द्यायचा असेल तर हमीपत्रावर देता येतो. घेणाऱ्याने लिहून द्यायचं की हा पदार्थ मी नेमलेल्या कामासाठीच वापरीन, दुसऱ्या कुणाला देणार नाही, दाखवणार नाही. मग ते चारचौघांत गेलं असं होत नाही. कंपन्या कंपन्यांना असंच देतात. त्यांनी ते स्वतः मराठीत टंकून आणलं होतं. त्यात 'त्रयस्थ व्यक्तीस' आणि 'सदरहू मिश्रण' असे शब्द होते. मी त्यांची थट्टा केली की साहेब, भट्टीवर कोण प्रयोगशाळा काढून बसलंय? पण खरं सांगते, त्या क्षणी मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं.

शिवाय, मनातलं सांगायचं तर, ते वाक्य माझ्याही सोयीचं होतं. दुसऱ्या कुणाला देणार नाही. एवढी वर्षं मी आयांना हेच सांगून थकले होते. आता ते कागदावर शिक्क्यासह होतं.

ट्रक यायच्या आदल्या दिवशी मी वाडीवर गेले. पीठ एका जाड पिशवीत भरलं होतं, पोरीच्या एकटीच्या पोटाला भट्टीचा हंगाम पुरेल असं. साहेबांचा 'त्रयस्थ' बाजूला ठेवून मी तिच्या आईला साध्या शब्दांत सांगितलं, "हे फक्त हिच्यासाठी. रोज हिलाच द्यायचं. दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही. तसं लिहून घ्यायचंय, इथे अंगठा दे."

ती पिशवीकडे बघत राहिली. "जावंच्या पोरीला बी नाय?"

"तिचं वजन चांगलं आहे गं. तिला गरज नाही. हिला आहे."

"एका ताटात जेवतात, ताई. एकीला देऊन एकीला नाय कसं म्हनू?"

जाऊ तिथेच होती, गोणीत भांडी भरत होती. तिने मान वर केली. "मना नको तुजं पीठ," ती म्हणाली. "माजी चांगली धडधाकट हाय. तुजी जगली पायजे. दे आंगठा."

अंगणवाडीच्या पायरीवर ती गुटगुटीत पोर बसली होती. मी तिच्या खळीला बोट लावलं. आईने अंगठा दिला. आणि मग तिने एक गोष्ट केली, जी मी सांगितली नव्हती. कागद तिच्या दृष्टीने पुरेसा नव्हता. तिने आपल्या मुलीला मांडीवर घेतलं, तिच्या डोक्यावर तळहात ठेवला आणि म्हणाली, "हिच्या डोक्यावर हात ठेवून सांगते, हे हिच्याबिगर कोनाच्या तोंडात जायाचं नाय."

पोराच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ मोडली, तर ते पोरच जातं. हे वाडीवरच काय, पनवेलच्या कुठल्याही घरात कुणाला सांगावं लागत नाही. माझ्या आईनेही मला लहानपणी तशी शपथ घालून खोटं बोलायचं सोडवलं होतं. मला त्या बाईचं कौतुक वाटलं. मनात म्हटलं, साहेबांच्या शिक्क्यापेक्षा हा हात भारी. जाताना मी तिची पाठ थोपटली. घरी येऊन कित्येक आठवड्यांनी पोटभर जेवले.

थंडीत एक दिवस अर्ज दाखल झाला. स्वल्पविराम संपले असावेत. साहेबांनी पेढे वाटले, माझ्या खोलीत स्वतः घेऊन आले आणि म्हणाले, "मॅडम, सुटलो. आता दाखवा कुणालाही, द्या कुणालाही. कसलीच अडचण नाही." मी एक पेढा खाल्ला, त्यांनी आग्रह केला म्हणून दुसराही खाल्ला. कुलूप निघालं. आम्ही दुसऱ्या वाड्यांवर पीठ वाटलं, अंगणवाड्यांतून पातेली चढली, फोटो निघाले. हमीपत्राचं काम संपलं होतं. ते फाइलला लागलं आणि फाइल कपाटात गेली.

भट्टी खाडीच्या पल्याड होती, एवढंच मला माहीत. मुकादमाचा नंबर मिळवून मी एकदा फोन लावला होता. "पोरं बरी हायत सगली," तो म्हणाला, आणि मागे यंत्राचा आवाज होता. मी पुन्हा दोन-तीनदा लावला, तो लागला नाही. मग मी त्या मुलीचा ठिपका मनातल्या मनात वर सरकवत राहिले. रोज संध्याकाळी जीव टांगणीला लागायचा आणि रोज सकाळी मी त्याला समजावायची की पिशवी आहे तिच्याकडे. पिशवी आहे.

मे उतरणीला लागला तेव्हा निरोप आला की ट्रक परत आलाय. मी काटा गाडीत टाकला आणि न्हालेले ओले केस तसेच ठेवून निघाले. नेऱ्याच्या रस्त्याला आंबे विकायला बसलेल्या बायका दिसत होत्या, पण माझं लक्ष नव्हतं. मी देवाला फार त्रास देणारी बाई नाही. त्या दिवशी मी त्याला वाटेभर त्रास दिला.

वाडीत शिरले आणि समोर ती. चालत होती. पाय फेंगडे टाकत, हातात काठी घेऊन कोंबडीच्या मागे. मी खाली बसले ती बसलेच. तिची आई दारात उभी होती. मी मुलीला उचलून झोळीत घातलं, तर ती चक्क रडली. भोकाड पसरून, लाथा झाडत, सगळी वाडी गोळा व्हावी अशी रडली. मी काट्याकडे बघितलं. तक्त्यावर ठिपका मांडला तो रेषेच्या वर गेला. इतक्या वर्षांत इतकी चांगली चढण मी पाहिली नव्हती. "अगं बघ," मी ओरडले, "बघ तुझी पोरगी!"

तिची आई हसली नाही.

मग माझ्या लक्षात आलं की माझ्या पिशवीत अजून कुणी हात घातलेला नाही. "आमची पाकिटावरची बाई कुठेय?" मी विचारलं.

 घराच्या पलीकडच्या अंगाला नवी चूल मांडलेली होती. जाऊ तिच्यासमोर आमच्याकडे पाठ करून बसली होती. तिने वळून पाहिलं नाही.

आईने मला आत नेलं. खालच्या आवाजात, जमिनीकडे बघत सांगितलं. होळीच्या आधी जावेच्या पोरीला ताप आला, मग हगवण लागली. ती थांबली, पण पोर उतरत गेली. भातावर भात, मिठाचं पाणी, दुसरं काही नाही.

"मी हिला थप्पीच्या मागं नेऊन भरवायची," ती म्हणाली. "कोनी बघू नाय म्हनून. पन तिला वास यायचा. तिला वास म्हाईत व्हता ना, तुमी बोटाला लावायच्या. ती यायची थप्पी धरून धरून. हात पुढं करून उबी राहायची. मागायची नाय, ताई. नुसती उबी."

मी हातातला तक्ता घडी करून ठेवला.

"जाव बोलली, एक घास दे गो माज्या पोरीला. मी बोलली, तुज्या म्होरंच हात ठेवलेला ना मी हिच्या डोक्यावर? मोडली तर माजी जाईल. एक गेलाय माजा." ती म्हणाली. "जाव मग बोलली नाय. अजून बोलत नाय."

बाहेर ती मुलगी अजून मुसमुसत होती. तिचा तो चांगला, भरलेला आवाज घरभर येत होता. मी हिशोब करत होते, कारण दुसरं काही करता येत नव्हतं. हगवणीतून उठलेलं पोर, अर्धी वाटी पेज, रोज. वाचली असती का? माझ्या सगळ्या शिक्षणावर हात ठेवूनही मला हो म्हणता येत नव्हतं, आणि नाही तर मुळीच म्हणता येत नव्हतं. पेढ्यांचा दिवस कोणता ते मात्र मला आठवलं. थंडी होती. साहेबांनी स्वेटर घातला होता. होळीला अजून कितीतरी अवकाश होता.

तिने फळीवरून पिशवी काढून माझ्यासमोर ठेवली. तीच जाड पिशवी, तोंड दोऱ्याने आवळलेलं. तळाला थोडं पीठ उरलं होतं. तिने ते जपून, मोजकं वापरलं होतं, संपू नये म्हणून.

"जावंला परत दिस गेलेत," ती म्हणाली. "माज्या हातचं ती घ्यायाची नाय, पन सासू देईल. म्हनून विचारते. ती शपत अजून हाय, का उतरली?"

"उतरली," मी म्हणाले.

तिने त्या दिवशी पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत बघितलं. वजन करताना काटा काय म्हणतो ते ओळखायला बघायची, तशी.

"कवापासून, ताई?"

दाराबाहेर जाऊ चुलीत फुंकर घालत होती. तिची फुंकर थांबली.

"आजपासून," मी म्हणाले.